थोरली कशानं गेली?

१

थोरली गेली, आणि गेली ती नेमकी मतदानाच्या दिवशी.

बेकरीच्या मागच्या खोलीत मामा चिनी मातीची बरणी मांडीवर घेऊन बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. दारात कामगार माना खाली घालून उभे. नवख्या माणसाला वाटलं असतं, घरातलं कुणीतरी गेलं. आणि तसं पाहिलं तर त्याचं फारसं चुकलंही नसतं.

थोरली म्हणजे या बेकरीचं खमीर. मुठीएवढा पिठाचा घट्ट गोळा, ओलसर फडक्यात गुंडाळून, दोरीनं बांधून बरणीत ठेवलेला. रोज त्यातला तुकडा पावाच्या पिठात मिसळायचा, उरलेल्याला नवं पीठ-पाणी द्यायचं, मळायचं आणि धुतलेल्या फडक्यात पुन्हा बांधून ठेवायचं. जुना मालक गाशा गुंडाळून पळाला आणि कामगारांनी बेकरी स्वतःच्या संस्थेच्या नावावर घेतली, तेव्हा भट्टी मोडकी होती, पत्रे गळके होते, पण थोरली ठणठणीत होती. तिच्याच जिवावर सगळं उभं राहिलं. म्हणून मामांनी पहिला नियम केला होता: थोरली या उंबरठ्याबाहेर जाणार नाही, आणि जो नेईल त्याचं सभासदत्व रद्द.

आज ती राखाडी चिखलासारखी पडली होती. ना आंबूस वास, ना एक बुडबुडा.

“मेली नाही, मारलीय,” मामा म्हणाले. “एका रात्रीत. आमचा संघ होऊ नये म्हणून.”

हे ऐकणाऱ्या बाई सहकार खात्याच्या निरीक्षक. खरं तर त्या आल्या होत्या संध्याकाळच्या सभेआधी नियमावलीचा मसुदा शेवटचा वाचून दाखवायला. सरकारचं नवं धोरण आलं होतं: सार्वजनिक रुग्णालयं आणि शाळांची कामं आधी सहकारी संस्थांना द्यायची, पण सुट्या-सुट्या नव्हे, त्यांनी एकत्र येऊन केलेल्या संघाला. या बंद पडलेल्या बस आगारात तीन संस्था एका अंगणाभोवती नांदत होत्या. मामांची बेकरी, काकूंची लॉन्ड्री आणि मिस्तरींची सुतारशाळा. आज तिघांनी हात वर केले की संघ होणार होता. उद्या अर्जाची मुदत संपत होती.

“संध्याकाळपर्यंत मारेकरी सापडला नाही,” मामा उठून उभे राहिले, “तर बेकरी संघात नाही. शेजाऱ्यांत खुनी असेल तर मी त्यांच्याशी सोयरीक करणार नाही. कळलं?”

“बरणीच्या कपाटाला कुलूप होतं?” बाईंनी विचारलं.

“होतं. किल्ल्या दोनच. एक माझ्या गळ्यात.”

“आणि दुसरी?”

मामांनी बरणीकडे नजर वळवली. पण दारातले सगळे डोळे हळूहळू एकाच दिशेला वळले. तिथे भिंतीला टेकून मामांची सख्खी भाची उभी होती.

२

बाईंना भूक लागली की त्यांचं डोकं चालतं, असं त्यांच्या कचेरीत चेष्टेनं म्हणायचे. ते खरंच होतं. आज नाश्ता हुकला होता, म्हणजे डोकं चांगलंच चालणार होतं.

भाचीला त्यांनी पिठाच्या पोत्यांमागे, जरा बाजूला नेलं. पोरगी विशीतली, उंच, बाह्या वर दुमडलेल्या. उजव्या कोपराला कणकेचा ओला लपका होता, तो तिनं नकळत नखानं खरवडला.

“मागच्या सभेत तू संघाच्या विरोधात बोललीस म्हणे.”

“संघाच्या नाही, मसुद्याच्या. तुम्ही लिहिलंय ना, तीन वर्षं दुसऱ्या कुणाला घ्यायचं नाही म्हणून.”

“तो आग्रह तुझ्या मामांचा.”

“लिहिलं तर तुम्हीच.” पोरगी फटकळ होती. “एकत्र यायचं आणि आत आल्या आल्या कडी लावायची. असला संघ नाही झाला तरी चालेल, असं म्हणाले मी. अजूनही म्हणेन.”

“त्यासाठी थोरलीला मारशील?”

तिचे डोळे एकदम भरून आले. “मला तिनं वाढवलंय बाई. आई गेल्यावर मामांनी मला इथे आणलं, तेव्हा मी कुणाशी बोलायचे नाही. मामांनी थोरली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हिला रोज खायला घाल. त्यानंतर मी बोलायला लागले. मी तिला मारीन?”

“मग पहाटे कुठे होतीस? भट्टीवर नव्हतीस.”

तिनं पोत्याच्या तोंडाची सुतळी ओढून घट्ट केली.

“बरं, हे तरी सांग. ती एका रात्रीत गेली का?”

“नाही. तिला बरं नव्हतं. मी मामांना सांगितलं होतं, ती उठत नाहीये नीट. मामा म्हणाले, तुझ्याच हाताला घाई झालीय.” तिनं मान फिरवली. “आता जास्त विचारू नका. मामा मला आज ना उद्या हाकलणारच आहेत.”

“आज ना उद्या? का?”

पण तिनं पोतं खांद्यावर घेतलं आणि ती चालू लागली. बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. रडली ती खरं रडली, यात शंका नव्हती. पण बेकरीतला प्रत्येक जण सकाळपासून एकच विचारत होता, आता पाव कसा होणार? हिनं ते एकदाही विचारलं नव्हतं.

३

सुतारशाळेत करवतीचा आवाज थांबला तो बाईंना बघून. मिस्तरी गोलमटोल, हसरे, कानाला पेन्सिल.

“माझ्यावरच येणार होतं,” ते म्हणाले. “कपाट मी केलं. महिना पण झाला नसेल. मामा म्हणत असतील, मिस्तरीच्या पॉलिशनं मारली. शिवाय त्यांची मागची खोली मला लाकडं ठेवायला हवी होती, हेही त्यांच्या पोटात असेलच.”

“हवी होती?”

“अजूनही हवीय! मागितली, नाही म्हणाले, विषय संपला. आणि आतून मी पॉलिशचा हात लावलेला नाही मॅडम. खाण्याची वस्तू राहणार त्यात. एवढी अक्कल आहे मला.”

बाईंनी ते आधीच पाहिलं होतं. त्याच कपाटात, थोरलीच्या बरणीशेजारी, सफरचंदाच्या सालींचं पाणी आंबत ठेवलं होतं. मामा त्याचा सिरका करायचे. ते पाणी छान फसफसत होतं. कपाटाच्या हवेत काही भिनलं असतं तर तेही थंड पडलं असतं.

“पाव खाता का इथला?”

मिस्तरींनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? गेले काही दिवस पाव दगड होत चाललाय. परवा मी त्यावर पाचर ठोकून बघावी म्हणत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“आत्ता? मतदान तोंडावर असताना?” मिस्तरी हसले, पण ओशाळून. “पूर्वी मी मामांच्या तोंडावर सांगायचो, आज मीठ विसरलात. ते माझ्या खुर्च्यांना डुगडुगत्या म्हणायचे. रोज भांडायचो. आता संघ व्हायचाय ना! सगळे एकमेकांशी अगदी सोन्यासारखे वागतात. लॉन्ड्रीच्या काकू तर तक्रारीचा ब्र काढत नाहीत. आधी त्यांना आमच्या भुशाचा आणि मामांच्या आंबूस वासाचा केवढा राग! चादरींना वास लागतो म्हणून भांडायला यायच्या. आता सगळीकडे गोडीगुलाबी.”

“हे सगळं कधीपासून?”

“तुम्ही सांगितलंत ना, संघ होण्याआधी थोडे दिवस एकमेकांची कामं करून बघा. तेव्हापासून.”

बाईंनी पिशवी उचलली. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. “आणि पाव दगड कधीपासून?”

मिस्तरींनी कानाची पेन्सिल काढली, परत खोवली. “अहो... तेव्हापासूनच की.”

४

लॉन्ड्रीत वाफ होती, गरम कापडाचा वास होता आणि काकूंचा दरारा होता. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवत त्या एकीला इस्त्रीची घडी मोडून परत घालायला लावत होत्या. बाईंना बघून त्यांनी चहा मागवला आणि बसायच्या आत बोलायला सुरुवात केली.

“मला मामांचा वास आवडत नव्हता, ते खरंय. पण कुणाचं अन्न मारायचं म्हणजे! माझी जीभ तिखट आहे मॅडम, हात नाही.”

“मामांसाठी तुम्ही काय काम करता?”

“त्यांचे एप्रन, टॉवेल, फडकी. पूर्वी ती पोरगी बिचारी बादलीत गरम पाण्यात खंगाळायची. मी म्हटलं, आपण एक घर होणार, आणि हिनं बादलीत हात घालायचे? आण इकडे.” काकूंनी फळीवरचं एक फडकं उचलून फडकवलं. दुधासारखं पांढरं. “बघा! याला म्हणतात धुलाई. मामा स्वतः म्हणाले, थोरलीला एवढं स्वच्छ पांघरूण जन्मात मिळालं नव्हतं.”

बाईंनी फडकं नाकाशी नेलं. वास कशाचाच नव्हता.

“साबण कुठला?”

“साबण साधाच. पण शेवटच्या पाण्यात औषध. रुग्णालयाच्या कपड्यांना घालायचं ते. जंतू औषधाला उरत नाहीत!” स्वतःच्याच बोलण्यावर काकू खूश झाल्या. “आणि गंमत म्हणजे ते परत धुवून काढायचं नसतं. कापडातच मुरू द्यायचं. म्हणजे पुढेही जंतू जवळ येत नाहीत.”

“रुग्णालयाचं औषध बेकरीच्या फडक्याला का?”

“का म्हणजे?” काकूंना ते लागलं. “परक्यांना चांगलं आणि घरच्यांना कमी, असं मी करणार नाही. आणि नियमच आहे की तो! संघातल्या सगळ्या कापडाची धुलाई एकाच दर्जाची, रुग्णालयाच्या. तुमच्याच मसुद्यात आहे मॅडम. तुमच्याच हातचं.”

बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

५

दुपारी त्यांनी भाचीला अंगणात गाठलं. जुन्या डिझेलचे काळे डाग अजून तिथल्या फरशीवर होते. ती त्यातल्या एकावर चपलेचं टोक घासत उभी होती.

“कपाटाला कुलूप होतं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे बाहेरचं कुणी आत गेलं नाही. आत जे गेलं ते मामांच्या नाहीतर तुझ्या हातून गेलं. तिच्या अंगाला लागतात तीन गोष्टी, पीठ, पाणी आणि फडकं. पीठ-पाणी बदललेलं नाही. फडकं बदललं. मला वाटतं, मला कळलंय. पण मामांना माझं वाटणं पुरायचं नाही. काकूंनी मुद्दाम केलं म्हणतील. मला ते डोळ्यांदेखत दाखवायला हवं, आणि त्यासाठी मला जिवंत थोरली हवी.”

“ती मेली ना.”

“इथली मेली.” बाईंनी तिच्या कोपराकडे बोट केलं. “सकाळी तिथे ओली कणीक होती. आज या बेकरीत कणीक भिजलीच नाही. मग ती कुठली?”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं कोपर दुसऱ्या हातानं झाकलं.

“पुलापलीकडे बायकांनी बेकरी काढलीय. सहकारीच. मागच्या वर्षी त्या मामांकडे आल्या होत्या, थोरलीचा तुकडा द्या आणि शिकवा म्हणून. मामांनी त्यांना आत पण घेतलं नाही. उंबरठ्याबाहेर उभं ठेवून सांगितलं, थोरली बाहेर जात नाही. त्यातली एक रडत गेली. मी मागच्या दारानं गेले आणि...” तिनं फाटकापलीकडे पाहिलं. “पहाटे तिकडे मळायला जाते मी. हे मामांना कळलं तर माझं सभासदत्व गेलं. त्याचं काही नाही. पण मामा माझं तोंड बघणार नाहीत. मला दुसरं कुणी नाही बाई.”

“म्हणून तू आज गप्प राहिलीस.”

“संध्याकाळपर्यंत काहीतरी सुचेल म्हटलं.”

“मी तुझं नाव घेणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुकडा कुठून आला, ते विचारतील. मी सांगणार नाही. पण तुकडा नसेल तर संघ नाही, आणि दोष कुणाच्या तरी माथी बसेल. बहुतेक तुझ्याच. आणायचा की नाही ते तू ठरव.”

पोरगी उभी राहिली, चपलेचं टोक त्या डागावर. मग एकदम वळली आणि फाटकाकडे जवळजवळ पळतच निघाली.

६

सभेला तिन्ही संस्थांचे लोक आगाराच्या मोठ्या शेडमध्ये जमले. मामा पहिल्या रांगेत, रिकामी बरणी मांडीवर. बाईंनी टेबलावर दोन फडकी ठेवली.

“दुपारी यांत एकाच जिवंत खमिराचे दोन पातळ तुकडे बांधले. पीठ तेच, पाणी तेच. हे फडकं पूर्वीसारखं बादलीत, गरम पाण्यात धुतलेलं. आणि हे काकूंच्या लॉन्ड्रीचं.”

पहिली दोरी सोडली. तुकडा फुगून फडक्याला चिकटला होता, आंबूस वास पार मागच्या रांगेपर्यंत गेला. दुसरी सोडली. तुकडा ठेवला तसाच, चपटा, मुका.

काकू ताडकन उठल्या. “म्हणजे मी मारली?” त्यांचा तो दरारा कुठल्या कुठे गेला. “अहो, मी तर... चांगलं म्हणून...”

“तुम्ही जीव लावून धुतलंत,” बाई म्हणाल्या. “औषध जंतू मारतं. खमीर म्हणजे जिवंत जंतूच, फक्त आपले. ती एका रात्रीत नाही गेली, रोज थोडी थोडी गेली. मामा, मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. नियम मी लिहिला. कचेरीत बसून, सगळ्यांना एकच माप. खमिराला फडकं लागतं हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. पाव बिघडतोय हे इथे सगळ्यांना कळत होतं, पण एकी मोडेल म्हणून कुणी बोललं नाही. जी बोलली तिचं ऐकलं गेलं नाही.”

मिस्तरी छताकडे बघत होते.

मामा मात्र त्या फुगलेल्या तुकड्याकडे बघत होते. उठून जवळ आले. वाकून वास घेतला. मग बोटानं दाबून बघितला.

“ही थोरली आहे,” ते म्हणाले. “कुठून आली?”

“ते मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मी सांगते.” भाची मागून पुढे आली. “मी नेली होती, मामा. पुलापलीकडे. वर्ष झालं. नियम मोडला मी.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग बरणी काखेत मारली आणि शेडच्या बाहेर पडले. मतदान तसंच राहिलं.

“संपलं,” मिस्तरी पुटपुटले.

७

भाची त्यांच्या मागे धावली, बाई तिच्या मागे. मामा घराकडे वळले नाहीत. बेकरीकडेही नाही. लांब लांब ढांगा टाकत पूल ओलांडून गेले आणि एका बुटक्या दारासमोर थांबले. आत उजेड होता, पावाचा खमंग वास रस्त्यापर्यंत येत होता. मामा उंबरठ्याबाहेर उभे राहिले. तसेच उभे, जसं त्यांनी वर्षापूर्वी या बायकांना आपल्या दारात उभं ठेवलं होतं.

एक ठेंगणी बाई पीठ झटकत बाहेर आली. मामांना ओळखल्यावर तिचा हात हवेतच राहिला.

“बरणी रिकामीच आणलीत?” तिनं विचारलं.

“रिकामीच आहे.” मामांनी ती पुढे धरली. “मागायला आलोय.”

तिनं हात पदराला पुसले. आता ही काय बोलते म्हणून भाचीनं डोळे मिटून घेतले.

“दारात नाही देत आम्ही,” ती बाई म्हणाली. “आत या.”

आत लाकडी फळीवर, साध्या धुतलेल्या फडक्यात, थोरली बसली होती. मामांनी दोरी सोडली. कणीक दाबली, ती परत वर आली. ते पुन्हा रडले, या खेपेला तोंड लपवून. मग नाक पुसून भाचीकडे वळले.

“पाणी जरा जास्त घालतेस.”

“हो मामा.”

“सांगितलं होतंस तू मला. तिला बरं नाही म्हणून.” त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. “यापुढे तिला कुलूप नको. आणि जिथे मागतील तिथे द्यायची. शिकवायला तूच जा, माझा गुडघा दुखतो.”

त्या ठेंगण्या बाईनं अर्धा गोळा बरणीत घातला. मामांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि निघाले, पण उंबरठ्यापाशी अडले आणि निरीक्षक बाईंकडे वळले.

“बाई, तो नियम. दुसऱ्या कुणाला घ्यायचं नाही, तो. आत्ता सभेत बदलता येईल?”

“बहुमत असेल तर येईल. फडक्याचाही बदलू.”

“मग आटपा,” मामा आतल्या बायकांना म्हणाले. “भट्टी झाकून चला सगळ्या. तुमचे हात आज मोजता यायचे नाहीत, पण समोर येऊन बसा. ज्यांच्यासाठी दार उघडायचंय ती माणसं दिसू तरी देत लोकांना.”